निलय गेर्बरचे वडील

(जयपूर, सोडाला. दोन खोल्यांचं घर, शुक्रवारची दुपार. जमिनीवर जुन्या फायली पसरलेल्या. देवराम रेल्वेतून निवृत्त झालेले, गंगूबाई त्यांची बायको, आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची मुलगी प्रज्ञा.)

प्रज्ञा : "मी, देवराम सीताराम वर्मा, वय चौसष्ट, राहणार सोडाला, जयपूर, शपथेवर सांगतो की दिवंगत निलय गेर्बर हा माझा सख्खा मुलगा होता." इथपर्यंत ठीक आहे ना, बाबा? हिंदीत मुन्शी करून देईल.

देवराम : पुन्हा वाच.

प्रज्ञा : सगळं?

देवराम : शेवटचं. सख्खा मुलगा, थे.

प्रज्ञा : बाबा, चार वाजता नोटरी उठतो. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. रविवारी पुण्यानुमोदन ठेवलंय आपण, तीस-चाळीस माणसं येणार आहेत. आज कागद झाला नाही तर भैयाच्या अस्थी सोमवारपर्यंत विमानतळाच्या त्या गोदामातच राहतील.

देवराम : मंगळवारपासून राह्यल्याच आहेत. थो कार्गोवाला साहेब काय म्हणे माहीत आहे? "मृतक से आपका क्या रिश्ता?" म्या म्हटलं, बाप आहो. थो एकडाव कागद पाहे, एकडाव माहं आधारकार्ड पाहे. म्हणे, "बाबूजी, आप वर्मा, ये गेर्बर. ये तो कोई अंग्रेज है." माह्यामागं रांग होती, बाई. कोणाच्या मशीनचे पुर्जे आलेले, कोणाचे औषधाचे खोके. सगळे ऐकून राह्यले. आन् मी तिथं उभा, का हा इंग्रज माहा पोरगा आहे.

प्रज्ञा : त्याची तरी काय चूक? जर्मनीहून आलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर वर्मा हा शब्दच नाही.

देवराम : कसा राहीन? यानं आपल्या हातानं पुसला. लग्नाच्या आधी फोन केला होता मले. म्हणे, बाबा, मी काट्रीनचं आडनाव लावून राह्यलो, इथं नवऱ्यानं बायकोचं लावलं तरी चालते. म्या म्हटलं, चालते ना, आपल्याकडंही चालते, घरजावयाले सगळं चालते.

गंगूबाई : एवढंच बोलले का तुम्ही? आणखी लय बोलले.

देवराम : बोललो. ज्याले बापाच्या नावाची लाज वाटते त्यानं या घरात फोन करू नये, असं बोललो. चार वर्षं झाली. त्यानं ऐकलं. लहानपणी माही एक गोष्ट ऐके नाही थो, आन् हीच ऐकली.

गंगूबाई : सायकलवर जात होता म्हणे कामाले. एवढा शिकला, एवढा पगार, आन् सायकलवर. ट्रकवाल्याले दिसला नाही. तीन हप्ते झाले, आन् मले अजून असंच वाटते का दुपारी फोन येईन.

देवराम : दुपारी? तुले येत होता फोन?

गंगूबाई : तुम्ही झोपले का येत होता. मी गच्चीवर जाओ पापड पाहायले. तुमाले कधी वाटलं नाही का, आपल्या घरात एवढे पापड कोण खाते?

प्रज्ञा : आई, ते नंतर. बाबा, तुम्ही तो कागद नीट वाचला का? हा मूळ, आणि हे इंग्लिश ट्रान्सलेशन. इथं बघा, नावाच्या खालची ओळ. तिथं लग्नानंतर आडनाव बदललं तरी जन्माचं आडनाव कागदावर लिहितात. जन्मनाव असा रकानाच असतो. माणूस मेल्यावरसुद्धा लिहितात.

देवराम : असंन. थे तरी वर्मा असंन ना? मग कायले एवढी झंझट?

प्रज्ञा : वर्मा नाही. डोंगरदिवे.

देवराम : काय म्हटलं?

प्रज्ञा : "निलय गेर्बर, जन्मनाव डोंगरदिवे."

देवराम : या घरात तेहतीस वर्षं हे नाव कोणी तोंडातून काढलं नाही. निलय दोन वर्षांचा होता तवा म्या राजपत्रात छापून बदललं. शाळेत वर्मा, कॉलेजात वर्मा. त्याले हे कोणी सांगतलं?

गंगूबाई : म्या सांगतलं. सांगायले कायले पाह्यजे होतं? त्याच्या जन्माच्या दाखल्यावरच होतं.

देवराम : कोणता दाखला? तुह्या माहेरचा, मुर्तिजापूरच्या नगरपालिकेचा? थो तर म्या तुह्या हातात देल्ला होता, का चुलीत टाक म्हणून.

गंगूबाई : देल्ला होता. पण इथं चूल कोठी होती? गॅस होता. गॅसवर कागद जाळायचं मले भेव वाटलं. मंग म्या ठेवून देल्ला.

देवराम : कोठी?

गंगूबाई : माह्या लग्नाच्या पांढऱ्या पातळाच्या घडीत. तुम्ही त्या पातळाले हात लावत नाही, मले माहीत होतं.

प्रज्ञा : भैयाच्या लग्नाला तिकडच्या ऑफिसनं जन्मदाखला मागितला. तेव्हा आईनं मला काढून दिला. मी दिल्लीला जाऊन त्यावर शिक्के मारून आणले, कुरिअर केला. काम झाल्यावर त्यानं परत पाठवला. सॉरी बाबा. पण आता हाच कामाला येणार आहे. बघा, तुमचं राजपत्र म्हणतं की देवराम डोंगरदिवे आता देवराम वर्मा झाले. जर्मनीचा कागद म्हणतो की निलय डोंगरदिवे आता निलय गेर्बर झाला. तुमच्या दोघांना जोडणारा कागद फक्त हा एक आहे. यावर तो आहे, तुम्ही आहात, आणि दोघांचं आडनाव एक आहे.

देवराम : इकडं आण. अरे, वास येते याले पातळाचा. "निलय देवराम डोंगरदिवे. पुरुष." शाई नाही उडाली. म्या जाळायले सांगतलेलाच कागद आज माहा पोरगा मले देणार.

प्रज्ञा : बाबा, एक विचारू? तुम्ही बदललं का? आम्ही लहानपणी विचारायचो, आपण मराठी, मग वर्मा कसे? तुम्ही म्हणायचे, आजोबा इंदूरला होते. मला पंचविसाव्या वर्षी कळलं की आजोबा इंदूरला कधी गेलेच नाहीत.

देवराम : लेकराले काय सांगू? मी एकोणनव्वदले इथं आलो. रेल्वेच्या क्वार्टरले नंबर लागत नव्हता, खोली पाहायची होती. इथं माणसाले काय काम करता, कोठून आले, हे मागून विचारतात. पहिले विचारतात, "आप कौन होते हैं?" डोंगरदिवे म्हटलं का त्यायच्या काही ध्यानात येत नव्हतं. म्या सांगतलं, आम्ही बौद्ध. तर एक जण म्हणे, "वो तो ठीक है. पहले कौन थे?"

गंगूबाई : सहा महिन्यांत चार खोल्या. चवथ्या खोलीले निलय पोटात होता. घरवालीच्या पायरीवर माह्या घागरीतलं पाणी सांडलं, तर तिनं माहा माठ आणून रस्त्यावर फोडला. म्या विचारलं नाही का कायले फोडला. तिनंही सांगतलं नाही. दोघीले माहीत होतं.

प्रज्ञा : आणि रेल्वेत?

देवराम : रेल्वेत काय लपते? कोट्यातून लागलो, सर्व्हिस बुकात पहिल्या पानावर आहे. तिथं त्यायले माहीत, मले माहीत. पण ऑफिसातून आठ तासानं सुटका होते. घर मात्र पाह्यजेच माणसाले. मंग ऑफिसातला एक जण म्हणे, "वर्मा लगा लो. वर्मा तो कायस्थ भी होते हैं, सुनार भी. कोई पूछेगा नहीं." मले पटलं. वकील केला, राजपत्रात छापून आणलं. आन् पहिल्याच घरमालकानं काय विचारावं? "वर्मा? कौन-से वर्मा? हमारे यहाँ तो वो लोग भी वर्मा ही लिखते हैं."

प्रज्ञा : अरे देवा.

देवराम : मले इथलं काय माहीत? आगीतून निघून फुफाट्यात पडलो. साऱ्या हिंदुस्थानातलं आडनाव पाह्यलं, आन् नेमकं तेच उचललं. मंग खोटं बोललो. म्हटलं, आम्ही सुनार.

गंगूबाई : आन् मंग शेजारीण आली ना कानातलं घेऊन. "भाईसाब, जरा देखना, असली है क्या." यायनं थे कानातलं उजेडात धरलं, दाताखाली दाबलं, अन् म्हणे, "असली है." मी आत तोंडात पदर कोंबून बसली.

प्रज्ञा : आणि खोटं निघालं असतं तर?

देवराम : तिच्या नवऱ्यानं देल्लं होतं. खोटं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. पण तवापासून बाई, कोणी दाराची कडी वाजवली का मले एकच वाटे. का आता हा काय तपासायले आला? बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराले आतून लावला होता. कपाट उघडायचं, पाया पडायचं, कपाट लावायचं. निलय चार वर्षांचा होता, थो शाळेत सांगून आला का आमचा देव कपाटात राहतो. म्या मारलं होतं त्याले त्या दिवशी.

गंगूबाई : लय मारलं होतं.

देवराम : हो. लय मारलं होतं.

प्रज्ञा : बाबा, पाणी घ्या. मी पुढचं टाइप करते. "सदर निलय यांनी विवाहानंतर पत्नीचे गेर्बर हे आडनाव धारण केले..."

देवराम : आन् थे गेर्बर तरी कोण? चार वर्षं झाली, म्या कोणाले विचारलं नाही. मोठे असतीन. जमीनवाले, हवेलीवाले. त्याशिवाय कोणी बापाचं टाकून सासऱ्याचं लावते?

प्रज्ञा : तुम्हाला खरंच माहीत नाही?

देवराम : कोण सांगीन मले? तुम्ही तिघं फोनवर बोलत होते, मी तर झोपून होतो.

प्रज्ञा : गेर्बर मतलब... चामडं कमावणारा.

देवराम : काय?

प्रज्ञा : चामडं. कातडं भिजवून, घासून, त्याचं चामडं बनवणारा. तिकडं जुनी आडनावं कामावरून पडलीत. लोहार, शिंपी, पीठ दळणारा. सगळ्यात जास्त तीच चालतात. गेर्बरही ढिगानं आहेत. काट्रीनच्या बाजूला, जर्मनीच्या दक्षिणेकडं, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर विचारूच नका. भैया म्हणायचा, त्यांच्या एका गावात डॉक्टर गेर्बर, बेकरीवाला गेर्बर, शाळेची हेडबाई गेर्बर, आणि एकमेकांचे कोणी लागतही नाहीत. आपल्याकडं पाटील असतात तसे.

देवराम : पाटलासारखे? चामडंवाले?

प्रज्ञा : हो.

देवराम : आन् थे सांगतात? आपून होऊन?

प्रज्ञा : घंटीखाली नाव असतं, पितळेच्या पट्टीवर. काट्रीनच्या आजोबांच्या घरात तर कातडं घासायचा जुना सुरा टांगलाय, पाहुण्यांना दिसेल असा. तिच्या पणजोबांच्या बापाचा. दोन मुठींचा आहे. भैयानं फोटो पाठवला होता.

देवराम : वाकडा असंन. कमानीसारखा.

प्रज्ञा : हो. तुम्हाला कसं माहीत?

देवराम : ओंडक्यावर कातडं टाकतात, पोटानं दाबून धरतात, आन् दोन्ही हातानं थो सुरा ओढतात. मांस निंघते, केस निंघतात. म्या रोज पाह्यलं आहे. गावात मेलेलं ढोर आपल्या लोकायनं ओढायचं, कातडं काढायचं. कमावणारा दुसरा होता, गावाच्या पल्याडच्या टोकाले. माहा बाप कातडं काढे, आन् मी डोक्यावर घेऊन त्याच्याकडं जाओ. नऊ वर्षांचा होतो. पाणी गळे मानेवरून.

प्रज्ञा : पण आपल्या लोकांनी ते काम सोडलं होतं ना? तुम्हीच सांगायचे.

देवराम : सोडलं होतं. वस्तीनं एकमतानं सोडलं, धम्म घेतला तवाच. माह्या बापानं नाही सोडलं. घरात खाणारे सात, शेत नाही. वस्तीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे गाव आमाले वस्तीत ठेवे, आन् वस्ती आमाले कोपऱ्यात ठेवे. शाळेत मास्तर मले दारात बसवे. म्हणे, वास येते. मी नदीवर आंघोळ करून जाओ, तरी म्हणे, येते. मंग मलेच येऊ लागला. रेल्वेत लागलो, ग्रीस-ऑइलमध्ये हात घातले, तरी कधी कधी येये. हे मी तुह्या मायलेही सांगतलं नाही.

गंगूबाई : मले तुमच्या मायनं सांगतलं होतं. लग्नानंतर आठ दिवसांनी.

देवराम : अन् तू काही बोलली नाही?

गंगूबाई : काय बोलायचं? तुमाले येत नव्हता वास. म्या हुंगून पाह्यलं होतं.

प्रज्ञा : भैयानं हे सगळं वाचलं होतं, बाबा. तो सांगायचा की तिथंही मेलेल्या ढोराचं कातडं काढणारे वेगळे असायचे. त्यांना वेशीबाहेर ठेवायचे, दारूच्या दुकानात त्यांचा पेला वेगळा, त्यांच्या मुलींशी कोणी लग्न करायचं नाही. गेर्बर त्यांच्याहून वरचे. त्यांना मान होता. पण वस्ती त्यांचीही नदीच्या खालच्या अंगालाच. वासामुळं, आणि पाणी खराब होतं म्हणून.

देवराम : म्हणजे त्यायच्यातही आमी गेर्बरच्या खालीच बसलो असतो.

प्रज्ञा : तेव्हा. आता कोणाला आठवतही नाही. दोन-तीनशे वर्षं झाली. नुसतं नाव राहिलंय, अर्थ कोणी बघत नाही.

देवराम : माणूस तीनशे वर्षं जगत नाही, बाई. आन् हे सगळं माहीत असून त्यानं थे नाव घेतलं? म्या त्याले त्याच्यातून बाहेर काढलं. माह्या पोटातली गोष्ट त्याच्या कानावर येऊ देल्ली नाही. इंग्लिश शाळेत टाकलं, ओव्हरटाइम केला, जर्मनीले पाठवलं. विमानतळावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, जाय, तिथं कोणी आडनाव पाहत नाही. आन् यानं तिथं जाऊन कातडंच डोक्यावर घेतलं? कायले? मले दाखवायले? का बापा, पाह्य, तू पळाला, मी नाही पळत? सूड उगवला त्यानं माह्यावर.

प्रज्ञा : सूड नाही, बाबा.

देवराम : मंग काय? प्रेम? प्रेमात माणूस हात मागते, आडनाव नाही मागत.

गंगूबाई : सांग त्यायले.

प्रज्ञा : आई, नको.

गंगूबाई : सांग म्हणते ना.

प्रज्ञा : भैयानं शप्पथ घातली होती मला.

गंगूबाई : थो गेला. त्याची शप्पथही गेली. अन् हे असेच बोलत राह्यले त्याच्या मागं, तर रविवारी पंचशील म्हणतांनाही मनात शिव्याच देतीन. सांग.

देवराम : काय सांगायचं आहे?

प्रज्ञा : घरासाठी बदललं त्यानं.

देवराम : कोणतं घर?

प्रज्ञा : भाड्याचं. राहायचं घर, बाबा. तो आणि काट्रीन एकत्र राहायचं ठरलं तेव्हा त्यानं घरं शोधायला सुरुवात केली. नोकरी चांगली, पगाराच्या स्लिपा जोडलेल्या, जर्मन तर त्याची एकदम साफ होती. निलय वर्मा नावानं एकेचाळीस अर्ज केले. उत्तर आलं तीन ठिकाणांहून, तिन्ही नाहीच. बाकीच्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. शेवटी काट्रीननं त्यातल्याच एका घराला स्वतःच्या नावानं लिहिलं. त्याला सांगितलं होतं, घर गेलं. तिला दुसऱ्या दिवशी फोन, कधी बघायला येता?

देवराम : तेच घर?

प्रज्ञा : तेच. मग दोघं मिळून बघायला गेले. मालकानं भैयाकडं बघितलं, छान हसला, कॉफी पाजली. म्हणाला, दोन दिवसांत कळवतो. कळवलं नाही.

देवराम : तिथंही?

प्रज्ञा : सगळे तसे नाहीत, बाबा. काट्रीनच्या घरचे किती चांगले आहेत. पण हो, तिथंही. मग लग्नाच्या वेळी ऑफिसात विचारलं, दोघांचं आडनाव कोणतं ठेवणार? काट्रीन वर्मा लावायला तयार होती. भैयाच नको म्हणाला. म्हणाला, तू वर्मा झालीस तर तुलाही घर मिळणार नाही. म्हणून गेर्बर. पुढचा अर्ज निलय गेर्बर नावानं गेला. त्या मालकानं फोनवरच हो म्हटलं, किल्ली एजंटकडून मिळाली. मालकानं भैयाचं तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो तिथं राहायला लागून तीन महिने झाले होते.

देवराम : तिथं कोणाले माहीत आमचं काय? वर्मा काय अन् डोंगरदिवे काय, त्यायले काय समजते?

प्रज्ञा : त्यांना आपली जात नाही समजत. त्यांना एवढंच समजतं की हे नाव आपल्यातलं नाही. तेवढं पुरतं.

देवराम : मले कायले नाही सांगतलं त्यानं? मी फोनवर एवढं बोललो त्याले. घरजावई म्हटलं, बेइमान म्हटलं. एक शब्द बोलला असता. साऱ्या दुनियेत कोणाले नसतं समजलं, पण मले समजलं असतं. म्या चार खोल्या सोडल्या, मले नाही समजणार?

प्रज्ञा : समजलं असतं म्हणूनच नाही सांगितलं. मीच त्याच्याशी भांडले होते, की बाबांना सांग, नाहीतर मी सांगते. तेव्हा त्यानं शप्पथ घातली. म्हणाला, बाबांच्या डोक्यात एक जागा आहे, जिथं कोणी आडनाव विचारत नाही. त्यासाठी त्यांनी तीस वर्षं ओव्हरटाइम केलाय. ती जागा नाही असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांना वाटू दे की मलाच लाज वाटली. माझ्यावर गुस्सा झाले तर चालेल.

देवराम : असं म्हणाला?

प्रज्ञा : असंच.

देवराम : जीभ झडली का नाही माही तवा? चार वर्षं. चार वर्षं मी या खुर्चीत बसून त्याले शिव्या देल्ल्या. लोकायनं विचारलं, मुलगा काय करतो, तर म्हटलं, एकच मुलगी आहे मले. आन् थो तिथं बसून माही जागा राखत होता. अरे लेका, एकडाव बोलायचं होतं. मी आलो असतो ना रे. तुह्या त्या घरमालकाच्या दारात येऊन उभा राह्यलो असतो. मले सवय होती.

गंगूबाई : रडा. तीन हप्त्यात पहिल्यांदा रडले तुम्ही. मी वाटच पाहत होती.

देवराम : तुले माहीत होतं. रोज माह्या शिव्या ऐकत होती, अन् तुले माहीत होतं.

गंगूबाई : माहीत होतं. त्याची शप्पथ मलेही होती. मी तुमच्यातली कोणाची तोडू? पण आता रडता रडता उठा. तोंड धुवा. पोरगं गोदामात आहे.

प्रज्ञा : सव्वातीन झालेत, बाबा. स्कूटरवर गेलो तर पंधरा मिनिटं. फक्त हा कागद पूर्ण करायचा आहे.

देवराम : पहिली ओळ खोड.

प्रज्ञा : कोणती?

देवराम : माह्या नावाची. लिही, मी, देवराम सीताराम डोंगरदिवे.

प्रज्ञा : आधारवर वर्मा आहे. "डोंगरदिवे, सध्याचे नाव वर्मा" असं लिहावं लागेल.

देवराम : लिही तसं. पण पहिले डोंगरदिवे.

प्रज्ञा : बाबा, एक सांगते, मग ठरवा. नोटरीकडचा मुन्शी आपल्याच गल्लीत राहतो. हे तोच हिंदीत टाइप करणार, तुमचं राजपत्र, हा दाखला, सगळं त्याच्या हातात जाणार. त्याला शंका आली की तो विचारणारच. मी तर म्हणते, मालवीय नगरला जाऊ, तिथं माझ्या क्लासच्या खाली एक नोटरी बसतो. तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही.

देवराम : तिथं जाईपर्यंत चार वाजतीन.

प्रज्ञा : वाजतील. म्हणून विचारते.

देवराम : मंग इथंच चाल. विचारू दे त्याले. पहले कौन थे, विचारीन ना? सांगतो मी. बापापासून सांगतो.

गंगूबाई : घर आपलं आहे आता. कोणी माठ फोडायले येत नाही.

देवराम : येईन तरी येऊ दे. पुढं वाच, बाई. आणखी काय राह्यलं?

प्रज्ञा : एकच राहिलंय. मुन्शीनं नमुना दिलाय त्यात आहे. ज्यांनी ज्यांनी आडनाव बदललं, त्यांची नावं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकापुढं नाव बदलाचं कारण. राजपत्रात तुमचं कारण "वैयक्तिक" असं छापलंय. तेच टाकू? कोणी काही विचारणार नाही.

देवराम : नको. खरं लिही. राहायले घर भेटत नव्हतं.

प्रज्ञा : "राहण्यास घर मिळत नव्हते." आणि खाली भैयाच्या नावापुढं?

देवराम : लिही, वरीलप्रमाणे.